शेजाऱ्यांच्या बाटल्यांसाठी मोठा फ्रिज

शैलजा मल्लिनाथ बिराजदार, तू गेल्यानंतरची घरातली पहिली खरेदी आज मी एकट्याने केली.

फेसबुकवरच्या मित्रहो, आमचा फ्रिज बंद पडला होता आणि आजच चाळ सोडून एका खोलीच्या नव्या जागेत जायचे होते. दुकानदाराने लहान, नवा फ्रिज दाखवला.

"काका, ह्यो वीज कमी खातोय. त्यो वापरलेला मोठा स्वस्तात मिळंल, पण दर महिन्याला बिल लई येतंय की. एकट्याला कशाला?"

हिशेब बिनचूक होता. पण उन्हाळ्यात आमच्या फ्रिजमध्ये साऱ्या चाळीच्या पाण्याच्या बाटल्या असत. ओळखीसाठी माझी पत्नी शैलजा प्रत्येक बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचे सूत बांधत असे. दुपारभर दार वाजत राही. ती गेल्यावर संकोचाने कोणी येईनासे झाले.

मी मोठाच घेतला. बिल वाढेल, हे मान्य. नव्या जागी ओळखीचे कोणी नाही. मात्र ऊन तिथेही सोलापूरचेच आहे. एकटे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे: शेजाऱ्यांकडे गार करायला ठेवण्यासाठी त्यांची पहिली बाटली कशी मागावी?

निघताना तिची सुताची गुंडी खिशात घेतली. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत केल्या.