भावाचा डावा हात

माझ्या पुतण्याचा फोटो हल्ली मुरबाडच्या नाक्यावर लागतो. तो रेगे वाजवतो. म्हणजे ठोका पडतो तिथं हात रिकामा ठेवायचा आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत गिटारचा झटका द्यायचा. त्याच्यावर शहरातली पोरं माना डोलावतात. मुलाखतीत तो दरवेळी सांगतो की घरात वाद्यं होती, पण हे मी बाहेरून शिकलो, माझे वडीलसुद्धा सरळच वाजवायचे.

हे खोटं आहे. आणि ते त्याला मी दिलंय.

टोकावड्याला आमच्या घरची, लग्नाहळदीत वाजवणारी बेंजो पार्टी होती. थोरला भाऊ ढोलावर. हळदीत नाचणाऱ्याचा पाय जमिनीला टेकून जायचा आणि मग त्याच्या डाव्या हाताची थाप यायची. बायका म्हणायच्या, याचा ढोल मागून चालत येतो. आणि पुढच्या हळदीला त्यालाच बोलवायच्या. मला तो हात आला नाही. खळ्यावर एकटा बसून मांड्या लाल होईस्तोवर वाजवून पाहिलं, तरी नाही. भाऊ काविळीनं गेला, पार्टी माझ्याकडे आली आणि पहिल्याच हंगामात मी सगळ्यांना सरळ ठोक्यावर आणलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, आता लोकांना डीजेसारखं लागतं.

पुतण्या तेव्हा रांगत होता; त्याला आईही नव्हती, आमच्यातच वाढला. मिसरूड फुटायच्या वयात मोबाइलवर कायकाय ऐकायचा. धसईच्या एका हळदीत मी त्याला ढोल दिला, आणि मध्येच त्याच्या डाव्या हातातून भाऊ वाजला. नाचणारे चुकले, हसले, परत पाय जुळवायला लागले. त्यांना ते आवडत होतं. मी ढोल काढून घेतला. नवऱ्याकडच्या माणसांसमोर म्हटलं, "पाय मोडशील लोकांचे, लंगड्या."

परतीच्या टेम्पोत त्यानं हळूच विचारलं, "काका, बाबा कसा वाजवायचा?"

"सरळ," मी म्हटलं. "तुझ्यासारखं येडंवाकडं नाय."

त्यानंतर त्यानं ढोलाला हात लावला नाही. कॉलेजच्या नावानं कल्याणला गेला तो तिकडचाच झाला.

या दिवाळीत तो बँडमधल्या दोघा मित्रांना घेऊन घरी आला. ओटीवर चहा चालला होता. मी सगळं सांगून टाकलं. हळद, टेम्पो, माझी जळफळ, काही लपवलं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"आता आठवलं व्हय? माझं नाव झाल्यावर?"

साक्षीला कोण आणू? पार्टीतले जुने दोघे वारले होते, आणि भावाचा ढोल त्या काळी कुणी रेकॉर्ड करून ठेवला नव्हता. मी देवाची शपथ घेतली. तो उठला, माळ्यावरचा ढोल काढून फडक्यानं पुसला, माझ्या पुढ्यात ठेवला.

"मग दाखव वाजवून. बाबाचा हात."

कानात भावाची थाप अजून तशीच्या तशी आहे. मी डावा हात उचलला. थाप ठोक्यावर पडली. परत उचलला, मुद्दाम थांबवून धरला. परत ठोक्यावरच.

"ऱ्हाऊ दे, काका," तो म्हणाला. मग मित्रांकडे वळून म्हणाला, "बघितलं ना? आमच्याकडं सगळे असंच वाजवायचे."