आईला माझं सांगलीचं कॉलेज दाखवलं

गुवाहाटीच्या एका संस्थेतून प्राध्यापकपदासाठी बोलावणं आलं, तेव्हा आईला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. ती मेढ्यात एकटी राहते. पुण्याहून मी अधूनमधून जाते, तेवढीच सोबत. म्हटलं, तिनं कधीच न पाहिलेलं माझं कॉलेज दाखवू आणि वाटेत सांगून टाकू.

शनिवारी सकाळी मेढ्यातून निघालो. सातारा, कराड, पेठ नाका, मग सांगली. पेठ नाक्यापुढं वेळ हाताशी ठेवा, उसाच्या ट्रॉल्या पुढं जाऊ देत नाहीत. कराडला मी डिप्लोमा केला होता. तिथं मिसळ मागवली. आईनं तर्री बाजूला सारून नुसता पाव खाल्ला. विषय ओठांवर आला आणि मी हवेवर बोलले.

कॉलेजात प्रयोगशाळा उघडी होती. पाण्याचा प्रवाह अभ्यासायचा, काचेच्या भिंतींचा लांब पाट अजून तिथंच आहे. यातलं पाणी बघतच मी पदवी घेतली, पुढं मुंबईत पीएच.डी. केली आणि पुण्यात शिकवायला लागले.

"हे पानी जातं कुठं?" आईनं विचारलं.

"फिरून परत टाकीत."

"म्हंजी भिजवत काय न्हाई. बरं हाय, चिखुल तरी न्हाई."

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंग खाताना शेवटी सांगितलं. आईनं भडंगाचा कागद झटकून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "हजर कवा व्हायचंय?"

वडील फौजेत होते. रजा संपत आली की आई त्यांना एवढंच विचारायची आणि लाडवाचं बेसन भाजायला घ्यायची. जाऊ नका, असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. तिचं दुखणं, एकटेपण, सगळ्यावर मी उत्तरं तयार ठेवली होती. ती उत्तरं तशीच राहिली आणि मला रडू आलं.

"जुलैत," मी म्हटलं.

"मंग लाडू जूनमदी करू."

डिझेल, टोल, सांगलीतली रात्रीची खोली धरून चारेक हजारांत सगळं झालं. रविवारी आईला मेढ्याला सोडून पुण्यात आले. घर भलतंच शांत वाटलं. जायचं ते खरंच जायचं, हे तेव्हा कळलं. तेवढ्यात तिचाच फोन.

"पोचलीस? आगं, तुजं वडील आसामात हुतं तवा लय बोलवायचं. म्हशी हुत्या, तू अंगावर पीत हुतीस. न्हाई जमलं."

"मग?"

"आता म्हशी इकल्या की. तिकीट दोघींचं काढ."