परत आला, कारण कळले नाही

हैदराबादला कॉलेजात मी घेतलेल्या विषयाचं नाव होतं इमरानियात. तेव्हा सरकारदरबारी उर्दूच चाले आणि आमचं सगळं शिक्षणही उर्दूत, त्यामुळे मराठीत याला समाजशास्त्र म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्याच्या सुटीत गावी आलो, तेव्हा चावडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या चुलत्यांनी विचारलं, "काय शिकून राह्यला रे तिकडं?"

"इमरानियात, काका."

"इमारती? मंग बराबर हाय. आधी आपल्या मारुतीचा ओटा बांधून दे. पार उखडलाय."

सगळे हसले, मीही हसलो. समजावून सांगायला गेलो असतो तर जमलं नसतं. आमच्या घरात सही करणारा मीच पहिला, आणि तो विषय मलाही अजून पुरता समजला नव्हता.

गाव कोणतं ते सांगत नाही. परतूरच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं जावं लागतं, एवढं पुरे. न सांगण्याचं कारण पुढं येईल.

प्राध्यापकांनी सुटीसाठी एकच प्रश्न दिला होता. तुमच्या गावच्या शाळेतून मुलं का जातात? हजेरीबुक पाहा, लोकांना विचारा, लिहून आणा. प्रश्न इतका साधा होता की मला त्याची भीती वाटली.

शाळा त्या उखडलेल्या ओट्यावरच भरायची. गुरुजी एकटेच. मला अक्षरं शिकवली ती त्यांनीच, उर्दूही आणि मोडीही. त्यांनी हजेरीबुक निमूटपणे पुढं केलं. पान उलटत गेलो आणि माझी बोटं थांबली. ज्या पोराला मी सकाळी नदीकडं म्हशी हाकताना पाहिलं होतं, तो बुकात हजर होता. वर्षभरापूर्वी मामाच्या गावी गेलेला एक जण, तोही हजर. बुकातली निम्मी पोरं ओट्यावर नव्हतीच. क्वचित कुणी गैरहजर असेल तर कारणाच्या खान्यात तीनच शब्द आलटून पालटून: बीमारी, शादी, फसल.

मी वर पाहिलं. गुरुजींनी नजर चुकवली नाही.

"पट कमी दिसला की शाळा उठते," ते म्हणाले. "मग नदीपलीकडच्या शाळेत जा म्हणतील. पावसाळ्यात कोण जाणार? आत्ता निम्मी येतात, तेव्हा एकही येणार नाही."

दोन दिवस मी ओट्याकडं फिरकलो नाही. खरं लिहिलं तर शाळा जाते, खोटं लिहिलं तर मी हैदराबादला शिकतो तरी काय? तिसऱ्या दिवशी गुरुजींनीच घरी बोलावून घेतलं. पेटीतून कापडात गुंडाळलेली एक जाड वही काढली.

"तुला खरं पाहिजे ना? बस. वाच."

वही मोडीत होती. मी अडखळत वाचू लागलो. शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची तिथं नोंद होती.

'आई रोजाने जाते. धाकटी बहीण राखायला घरी.'

'दोघा भावांत सदरा एक. थोरला येतो त्या दिवशी धाकटा नाही.'

'उर्दूच्या धड्यात पाणी म्हणाला. पोरे हसली, पानी म्हण म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून नाही.'

'मी मारले. चूक माझी.'

आणि प्रत्येक नोंदीखाली, न चुकता, तीन शब्द: 'घरी जाऊन विचारले.'

आपल्या मनानं कारण ठरवू नका, दारात जा आणि विचारा, हे आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला अलीकडंच, फार नवी गोष्ट म्हणून, सांगितलं होतं. हा माणूस परतूरच्या बाजाराशिवाय कुठं गेला नव्हता, आणि मी अक्षरं गिरवत होतो तेव्हापासून हे करत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाचणारही नव्हतं.

मग माझं नाव आलं. आठ वर्षांचा असताना मला शाळेतून काढलं होतं, हे मी विसरूनही गेलो होतो. 'म्हशीमागे पाठवला. घरी जाऊन विचारले.' त्याखाली, दीड महिन्यानंतरची ओळ: 'परत आला. कारण कळले नाही.'

"गुरुजी, माझंच कसं कळलं नाही?"

ते थोडे ओशाळले. "गेलेल्याच्या घरी जातो मी. आलेल्याच्या घरी कशाला जाऊ? खुशीत राहून गेलं."

घरी येऊन आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आक्का गेल्ती न्हाई का म्हशीमागं. तिनंच म्हणलं, त्याला धाडा साळंत, मी जाते."

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आता सासरी होती. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

गुरुजींनी कारणं उतरवून घेऊ दिली, ती एका अटीवर. "पोरांची नावं काढ, माझं काढ, गावाचं काढ. कारणं ऱ्हाऊ दे."

मी ती कारणं उर्दूत लिहिली. शेवटी आक्काचंही लिहिलं.

हैदराबादला प्राध्यापकांनी माझे कागद उभ्या उभ्याच वाचले. मग विचारलं, "गाव कोणतं? या शिक्षकाचा गौरव व्हायला हवा. मी वर लिहून कळवतो."

मी घाईनं म्हणालो, "साहेब, नाव कळलं तर शाळा उठेल."

"आणि नावाशिवाय हे खरं कोण मानील?"

तोंडातून कसंबसं निघालं, "वर्गात वाचून बघावं, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच वाचलं. वर्गात मराठी, तेलुगू, कानडी अशा तिन्ही भाषांच्या भागांतली मुलं होती. वाचून झालं. मग वरंगलकडचा एक तेलुगू मुलगा माझ्याकडं वळून म्हणाला, "माझ्या गावी कधी जाऊन आलास तू? पाण्याच्या जागी नीळ्ळु लिही, बस्स." गुलबर्ग्याकडचा एक जण खाली बघत पुटपुटला, "तो एक सदरा आमच्या घरातला आहे." मी ज्याला आमच्या ओट्यावरचं समजत होतो, ते किती लांबवर पसरलेलं होतं!

प्राध्यापकांनी पेन काढलं. गावाच्या नावासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'एक गाव.' पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीत हे सगळं गुरुजींना सांगितलं. "गुलबर्ग्यात बी सदरा एकच?" म्हणून ते कितीतरी वेळ हसले. मग मी आक्काचं सांगितलं. त्यांनी वही काढली, 'कारण कळले नाही' याच्यापुढं लिहिलं, 'बहीण म्हशीमागे गेली म्हणून.' लिहून झाल्यावरही टाक हातातच राहिला.

"हिची नोंद कुठं करू?" ते म्हणाले. "ही पटावर कधी नव्हतीच. मग गेली तरी कुठून म्हणू? मी पटावरच्यांच्याच दारात जात राहिलो, बाबा."

पुढच्या उन्हाळ्यात आलो तेव्हा ओट्याच्या कडेला तीन मुली बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तिचा भाऊ. "त्याला बी आण, पण ये," असं गुरुजींनी तिच्या आईला सांगितलं होतं म्हणे. हजेरीबुकातल्या तीन खोट्या नावांवर काट होती आणि त्यांच्या जागी या तिघी. बाकीची खोटी नावं अजून तशीच होती, शाळाही होती.

चौथीही आली होती, पण होळीनंतर यायची थांबली.

मी वही मागितली. तिच्या नावापुढं जागा कोरी होती. गुरुजींनी वही आणि टाक दोन्ही माझ्याकडं सरकवलं.

"हिच्या दारात तू जा," ते म्हणाले. "आणि चपला बाहेर काढ. चौकशीला आलेला सरकारी माणूस वाटतोस."