कापलेला कोपरा

माझ्या पतींच्या सेवापत्राचा खालचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला होता. जाड, पिवळट कागद. उंची किती, छातीचा घेर किती, डाव्या भुवईवर व्रण, कोणकोणत्या जहाजांवर काम केलं, वर्तणूक कशी, सगळं त्यात शाईने भरलेलं. ज्या खलाशाला बदनाम ठरवून घरी पाठवायचं त्याच्या सेवापत्राचा कोपरा कापायचा, अशी गोऱ्यांच्या नौदलाची रीत होती. कुठून कापायचं ती खूण कागदावर आधीच छापलेली असे. म्हणजे भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर ती शिक्षा पहिल्या दिवसापासून तयारच होती. लग्नानंतर त्यांनी मला हे एकदा सांगितलं. पुन्हा कधी सांगितलं नाही.

सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, त्यात ते होते. वय वीस. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठची कितीतरी मुसलमान पोरं तेव्हा नौदलात होती. बंड मोडल्यावर त्यांना छावणीत ठेवलं, आणि मग कोपरा कापलेला कागद व गावच्या बोटीचं तिकीट हातात देऊन सोडून दिलं. पुढच्या वर्षी गोरे गेले, पण नव्या सरकारनेही या लोकांना परत घेतलं नाही. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत कारकून कागद वाचतसुद्धा नसत. अंगठ्याने कोपरा चाचपायचे आणि कागद परत सरकवायचे. शेवटी ते गलबतात बसून दुबईला आले आणि खाडीत मालाच्या बार्जवर लागले. काही वर्षांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. आमच्या गावच्या तीनच बायका तेव्हा दुबईत होत्या.

दुबईच्या देरा भागात खजुराच्या वखारीवर एक खोली भाड्याने घेतली होती. जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्याकडचे पुरुष तिथे जमत. सुरुवातीला विषय ठरलेले: कुणाचं आजारपण, कुणाची मयत, गावच्या मशिदीचं छप्पर. पण माझ्या पतींना एक खंत होती. आपण जगभर फिरलो आणि आपलं जुनं काहीच जपलं नाही, असं ते म्हणत. त्यांनी रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाला गळ घातली की येताना घरातलं काहीतरी जुनं आण. कुणी गलबतावरच्या तांडेलाची शिट्टी आणली, कुणी बेचाळीसात तुरुंगात गेलेल्या मामाची खादीची टोपी, कुणी युद्धातली मेडलं. त्याचं इतिहास मंडळ झालं. थंडीच्या दिवसांत वर्षातून एकदा या वस्तू मांडून ठेवायच्या आणि येईल त्याला त्यांची हकीकत सांगायची, असा नेम पडला.

मी सातवी पास होऊन गावच्या मराठी शाळेत तीन वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मराठीत आणि उर्दूत मी लिहायची. इंग्रजी मला माझ्या पतींनी शिकवली, आधी मालाच्या याद्यांवरून आणि मग रद्दीतल्या मासिकांवरून. त्या खोलीत मात्र मी कधी गेले नाही. बायका जात नसत. माझं अक्षर जायचं.

दुबईच्या खाडीवर पूल झाला त्याच्या पुढच्या वर्षी प्रदर्शनाचा विषय ठरला, स्वातंत्र्याच्या लढ्यात आपली गावं. तो माझ्या पतींनीच सुचवला होता. प्रदर्शनाला दोन महिने असताना ते गेले. वारा सुटला होता, बार्जवर खोक्यांची थप्पी कोसळली. मी इद्दतीला बसले. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दोन खोल्या, गल्लीकडे एक खिडकी, आणि त्यांची पुस्तकं. मी पुस्तक उघडून बसायची. पान उलटायची नाही.

मंडळाचे अध्यक्ष आमच्या शेजारीच राहत. शारजाला गोऱ्या फौजेच्या तळावर ते मोठे स्टोअरकीपर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमच्या गावचे चौदा जण त्यांच्या शब्दावर तळावर लागले होते. त्यांची बायको, आमची चाची, रोज माझ्याजवळ येऊन बसायची. मला हसवण्यासाठी स्वतःच्या नवऱ्याला बोल लावायची. तळावर हा चाळीस माणसं हलवतो, म्हणायची, आणि घरात याला पाण्याचा पेला आयता हातात लागतो.

प्रदर्शनासाठी सेवापत्र हवं म्हणून चाचांनी निरोप पाठवला. मी कागद चाचीच्या हाती दिला. आठ दिवसांनी तो परत आला, मला दाखवायला म्हणून. काचेची फ्रेम, सोनेरी पट्टी, आणि कागदाला चारही कोपरे. चाचांनी खाडीपलीकडे बर दुबईतल्या फोटोवाल्याकडून जुळता कागद शोधून, चहाच्या पाण्यात रंगवून, कोपरा चिकटवून घेतला होता. जोड बोटालाही लागत नव्हता.

चाचा दाराच्या पडद्यापलीकडे उभे होते. आवाजात समाधान होतं.

"बघा भाबी. आता कोण काय म्हणेल? मयताची अब्रू झाकली."

मी विचारलं, कुणापासून झाकायची. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तळावरच्या साहेबाला जुन्या वस्तूंची हौस होती. चाचांनी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मेडलं मध्यभागी लावायची आणि सेवापत्राखाली चिठ्ठी लिहायची, 'महायुद्धात नौदलात सेवा'. एवढंच. कोपरा दिसला तर साहेबाला वाचायची गरजच नव्हती, तो लांबूनच समजला असता.

चाचा हा माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच लिहून ठेवते. माझ्या पतींच्या मयतीला त्याने गुसल दिला होता, शेवटची अंघोळ घातली होती, खांदा दिला होता. म्हणूनच माझ्या रागाला बसायला जागा मिळेना.

"चाचा, हा कोपरा आमच्या घरचा नाही," मी म्हटलं. "तो काढा."

"मग कागद लागणार नाही. खलास."

"नको लागू दे."

ते पडद्याजवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "चौदा घरं आहेत, भाबी. लढ्याच्या गोष्टी गावात सांगाव्यात. इथे आपण अजून गोऱ्यांच्याच छत्रीखाली आहोत." आणि निघून गेले.

मी सुरीने फ्रेमच्या मागचे खिळे काढले. किटलीच्या वाफेवर कागद धरला, तेव्हा तो कोपरा खळीसकट सुटून माझ्या हातात आला. चाची बघत होती.

"अगं, माझा दादला आठ दिवस खपला त्याच्यामागे. फ्रेम तरी ठेव."

"फ्रेम तू घे," मी म्हटलं. "चाचांचा फोटो लाव. त्यांचे चारी कोपरे शाबूत आहेत."

ती हसली. ते गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं ते पहिल्यांदा. मग मात्र ती गंभीर झाली आणि म्हणाली, चौदा घरांचं काय. मी दोन दिवस त्याचाच विचार केला. त्या घरांतल्या बायका गावी माझ्याबरोबर विहिरीवर आलेल्या होत्या. काहींची पोरं माझ्या हाताखाली बाराखडी शिकली होती. भाकरीसाठी माणसाला खाली बघावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझे पती इतकी वर्षं खाली बघून बार्जवर माल चढवत होते. पण जिवंत माणसाने स्वतःपुरतं खाली बघावं. मेलेल्याची मान त्याच्या वतीने कुणी वाकवू नये. एवढं माझं ठरलं आणि मी चिठ्ठी लिहायला घेतली.

ती लिहायला मला एक सबंध दुपार लागली. बंड, स्वातंत्र्य, बलिदान, असे शब्द मी लिहिले आणि खोडले. ते तसं बोलत नसत. एकदाच, मी फार विचारल्यावर, म्हणाले होते, "मी काय केलं? बसून राहिलो." शेवटी मी तीन वाक्यं ठेवली. 'सेहेचाळीस साली मुंबई बंदरात या खलाशाला अधिकाऱ्याने उठायचा हुकूम दिला. तो उठला नाही. कोपरा त्याबद्दल कापला आहे.' खाली तेच उर्दूत.

प्रदर्शनाच्या शुक्रवारी नमाजाच्या आधी मी खिडकीच्या फळीला आतल्या बाजूने सेवापत्र आणि चिठ्ठी टाचण्यांनी लावली. मग फळी बाहेर ढकलून पूर्ण उघडली, भिंतीला टेकेपर्यंत. आतली बाजू गल्लीकडे झाली. खिडकीला पडदा ओढला. मंडळाच्या खोलीत जायचा रस्ता त्याच गल्लीतून होता. माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं.

चाचीने तोंडाला पदर लावला. "हे इद्दतीत चालतं का गं?"

"इद्दत मला आहे," मी म्हटलं. "कागदाला नाही."

नमाज सुटली. पडद्याआडून मला फक्त चपलांचा आवाज येत होता. एक जोडी थांबली, मग आणखी काही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचलं. मग एक वयस्कर आवाज म्हणाला, "मला वाटत होतं, चोरी केली म्हणून काढला." दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या चुलत्याचाही असाच कागद होता, चुलतीने लाजेने चुलीत घातला.

चोरी. गावात अठरा वर्षं हे बोललं जात होतं, आणि ते मला आत्ता कळत होतं. त्यांना ठाऊक असणार. चाचीने माझे हात आपल्या मांडीवर धरून ठेवले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. बुटांचा आवाज खिडकीपाशी आला आणि थांबला. साहेबाने इंग्रजीत विचारलं, हा कागद कुणाचा. चाचा म्हणाले, आमच्या मंडळाच्या एका सभासदाचा, नुकताच वारला. खाली काय लिहिलंय, साहेबाने विचारलं. चाचा म्हणाले, लिहिलंय की तो खलाशी होता, युद्धात होता.

मी आयुष्यात परक्या पुरुषाशी मोठ्याने बोलले नव्हते. शाळेतसुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, अशी तक्रार असायची. मी पडद्यामागून इंग्रजीत म्हटलं, "नाही. त्याला उठ म्हणाले. तो उठला नाही. तेच लिहिलं आहे."

चाचीने माझं मनगट घट्ट धरलं. मग साहेब चाचांना म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"नाही, सर," चाचा म्हणाले. मला वाटलं, संपलं. मग त्यांचा आवाज आला, तळावरच्या मोडक्या इंग्रजीत. "आता सांगतो. हा आमच्या गावचा माणूस."

आणि त्यांनी सांगितलं. अडखळत, शब्द शोधत, पण सगळं. खराब जेवण, शिव्या, हुकूम, छावणी, बोटीचं तिकीट. साहेबाने ऐकून घेतलं. काय वाटलं ते त्याच्या तोंडावर होतं की नाही मला माहीत नाही, मधे पडदा होता. तो प्रदर्शन बघून अर्ध्या तासात गेला. चौदांपैकी कुणाचं काम गेलं नाही. गेलं असतं तर मी त्या बायकांना काय तोंड दाखवलं असतं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. मात्र फळी मी तरीही उघडली असती.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमाराला चाचा पुन्हा खिडकीपाशी आले. मेडलं बाजूला सरकवून वर मधली जागा रिकामी केली आहे, म्हणाले. "कागद द्या, भाबी. मी माझ्या हाताने लावतो. कोपऱ्यासकट."

"नाही, चाचा."

"आता काय राहिलं?"

"तुम्ही मधली जागा दिलीत, तुमची मेहरबानी. पण हा कागद आता कुणी दिलेल्या जागेवर बसणार नाही. ज्याला बघायचा असेल तो या गल्लीत येईल."

ते म्हणाले, लोक वर-खाली किती करतील. मी म्हटलं, करू दे. मग वखारीच्या जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू आला. वरच्यांना ते एकेकाला खाली पाठवत होते.

दिवस मावळून मगरिबची नमाज होईपर्यंत माणसं येत राहिली. बलुचिस्तानचे हमाल आले, केरळचा शिंपी आला, एक इराणी दुकानदार आला. ज्यांना मराठी-उर्दू येत नव्हतं ते पडद्याकडे बघून विचारत, आणि मी त्यांना येईल त्या भाषेत ती तीन वाक्यं सांगत होते. पहिल्यांदा चाची मला गप्प करत होती. नंतर तीच आतून म्हणायला लागली, "जरा मोठ्याने सांग, त्याला ऐकू आलं नाही."

पुढच्या शुक्रवारी प्रदर्शन नव्हतं. नमाज सुटायच्या आधी मी फळी पुन्हा उघडली. इद्दत संपायला आठ शुक्रवार बाकी होते.