अण्णांच्या बाजूचा ब्रेक

पुण्यात माझं गाडी शिकणं दोनदा फसलं होतं. एकदा शिकवणाऱ्याशी भांडण झालं म्हणून, आणि एकदा नवऱ्याने शिकवायला घेतलं म्हणून. बेंगळुरूला आलो तेव्हा या भानगडीत पुन्हा पडायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पण नवऱ्याचं कॉलेज जवळ म्हणून घर घेतलं चामराजपेटेत, माझं ऑफिस हेब्बाळला, आणि रोज सकाळी रिक्षावाल्यांशी हुज्जत घालून माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एका शनिवारी रागारागाने मी कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिरले. टेबलामागे एक बुटके, टापटीप गृहस्थ कपाळाला गंध लावून बसले होते. मी माझं हिंदी सुरू केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मराठी काय तुम्ही? मग असलं हिंदी बोलून दोघांनाही कशाला त्रास?"

हे गुरुराज अण्णा. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीची सरमिसळ झाली तरी त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. "आमचे लोक घोड्यावर बसून इकडं आले, तीन-साडेतीनशे वर्षं झाली," ते सांगायचे. "लगाम कसा धरायचा हे शिकवणं तेवढं अजून चालू आहे." तरुणपणी एका सरकारी कचेरीत चिकटले होते, पण तिथे कुणी काही शिकत नाही म्हणून कंटाळून सोडलं आणि हे स्कूल काढलं. 'तुम्ही'वरून ते पहिल्याच दिवशी 'तू'वर आले. बाई असेल तर अम्मा, पुरुष असेल तर अप्पा, मग समोर डॉक्टर असो की फुलवाली.

पहिल्या दिवशी मी गाडी इतक्या वेळा बंद पाडली की मागच्यांचे हॉर्न ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. त्यामुळे मी अण्णांवरच ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "स्वल्प धीर धर, अम्मा. क्लच सावकाश." कशीबशी गाडी दारात आली, तर म्हणतात, "उतरायच्या आधी आपल्याकडे एक पद्धत आहे. आज काय शिकलीस ते सांगायचं, आणि थँक्यू कुणाला ते सांगायचं."

"फी मी भरली आहे," मी म्हणाले. "थँक्यू तुम्ही म्हणा."

"म्हणतो की! आज मी शिकलो, घाबरलेलं माणूस आधी आवाज चढवतं. थँक्यू प्रणिताला."

माझा असा संताप झाला की दार आपटून मी घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि माझा क्लास होता, आणि पैसे वाया घालवायचा माझा स्वभाव नाही. गेले तर स्कूलच्या ऑफिसात जमिनीवर मुलं बसलेली. भिंतीवर 'वळण', 'शाळा', 'हॉर्न वाजवू नका' अशी चिन्हांची चित्रं, आणि त्याखाली आसपासच्या मराठी घरांतली ही पोरं हातवारे करून ओरडत होती:

गाडी पडली बंद? पडू दे की!
मागचा हॉर्न मारतो? मारू दे की!
किल्ली फिरव, श्वास घे,
थांबला त्याला थँक्यू दे!

माझीच गाडी होती ती. मला ओळखू आली. रागवावं की हसावं ते कळेना, पण पोरं इतकी खुशीत होती की मी हसले. आणि खरं सांगायचं तर, मागे थांबलेल्या त्या माणसांचा मी विचारच केला नव्हता. त्यांतला एकजण तर हात करून "सावकाश, सावकाश" म्हणत होता. मला फक्त हॉर्न ऐकू आले होते.

हा रविवारचा वर्ग अण्णांनी नातीसाठी सुरू केला. संहिता लहान असताना संध्याकाळी दारात उभी राहून विचारायची, "अज्जा, आज काय झालं?" शाळेत कन्नड आणि इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे जेवणापुरतं आणि झोपण्यापुरतं. अण्णा तिला त्या दिवशी कोण काय शिकलं ते सांगायचे, आणि तिच्या लक्षात राहावं म्हणून यमक जुळवायचे. ते तिने मैत्रिणींना म्हणून दाखवलं, मैत्रिणी दारात आल्या, आणि अण्णांची पत्नी हेमक्का सगळ्यांना चुरमुरे देऊ लागली. वर्ग असा भरला.

"कविता सुचतात कशा तुम्हाला?" मी एकदा सिग्नलला विचारलं. तेव्हा मी स्टिअरिंगवरचा एक हात काढून घाम पुसण्याइतकी निवांत झाले होते.

"सुचत नाहीत. लोक आणून देतात. मी डाव्या सीटवर बसून घेतो," अण्णा म्हणाले. त्याच आठवड्यात एक आजोबा आरशात बघायला विसरत होते, तर रविवारी पोरं म्हणाली, "आरसा असतो पुढे बसून, मागचं सांगतो हसून हसून." आभार मानायचे म्हणून हात जोडून बसलेली, थोरामोठ्यांची नावं घेणारी कविता अण्णांनी कधी केली नाही. त्यांच्या कवितेत आभार मिळायचे ते क्लचला, खड्ड्याला, वाट देणाऱ्या गाईला, आणि पुढच्या रिक्षाच्या जळणाऱ्या लाल दिव्याला.

त्यांच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकवणाऱ्याच्या गाडीत तो असतोच. मी वेळेवर थांबले की अण्णा म्हणायचे, "शाब्बास, छान थांबवलीस." मी फुगून जायचे. लायसन्स हातात पडल्यावर ते पेढा खात खात म्हणाले, "सुरुवातीला अर्ध्या वेळा मीच थांबवत होतो."

"मग शाब्बास कशाला म्हणायचात?"

"पोराला आपणच चाललो असं वाटलं पाहिजे, अम्मा. नाहीतर दुसऱ्या दिवशी ते उठत नाही."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग हेमक्काच्या हातचा बिसीबेळे भात आला, आणि तो खाऊन झाल्यावर अबोला चालू ठेवणं बरं दिसेना.

यंदा जूनमध्ये अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण कडेचं दिसणं गेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. अण्णांनी वाद घातला नाही. कडेने येणारा सायकलवाला ज्याला दिसत नाही त्याने त्या सीटवर बसू नये, हे ते जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले होते. डबल ब्रेकची ती जुनी गाडी त्यांनी दुसऱ्या एका स्कूलला देऊन टाकली. भिंतीवरची चित्रं मुलांसाठी राहू दिली.

आणि कविता थांबली. मुलं रविवारी यायची, जुन्याच कविता म्हणायची, चुरमुरे खायची आणि जायची. दसरा जवळ आला. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळं शहर आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावतं. बस, रिक्षा, लेथ मशीन, न्हाव्याची कात्री, कुणी कुणी लॅपटॉपसुद्धा. अण्णांच्या दारात दरवर्षी सजवलेल्या गाडीपुढे मुलं नवी कविता म्हणायची, मग चाकांखालच्या लिंबांवरून गाडी जायची. यंदा गाडीही नव्हती. संहितेने विचारलं, "अज्जा, नवी कविता?" तर म्हणाले, "यंदा नाही."

हेमक्काने मला स्कूलवरच्या त्यांच्या घराच्या जिन्यात गाठून हे सांगितलं. "संहितेला कधी नाही म्हणाले नव्हते गं. डोळ्याचं ते सोसतील, प्रणिता. पण कविता गेली तर माझ्या घरात नुसता एक म्हातारा उरेल. मला तो नको आहे."

मी तशीच वर गेले. अण्णा खिडकीशी बसले होते. "लोक आणून देत होते," ते म्हणाले. "आता कोण आणून देणार? घरी बसलेल्या माणसाला नवं काय कळतं, आणि तो थँक्यू तरी कशाचं म्हणणार?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी चिडते. "उठा," मी म्हणाले. "उद्या सकाळी मार्केटला कोहळा आणायला जायचंय. माझ्या नव्या गाडीची पूजा आहे आणि मला कोहळ्यातलं काही कळत नाही. तुम्ही नाही आलात तर मी भोपळा घेऊन येईन."

भोपळ्याच्या धसक्याने ते आले असावेत. माझ्या गाडीत त्यांची जागा तीच, डावीकडची. पट्टा लावला, आरशात बघितलं का म्हणून मला विचारलं, आणि गाडी हलली. पहिल्याच वळणावर खालून 'धप्प' असा आवाज आला. मला वाटलं काहीतरी पडलं. पुढच्या वळणावर पुन्हा. मग समजलं, अण्णा पाय दाबत होते. तिथे ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. रिक्षा आडवी आली, धप्प. म्हातारी रस्ता ओलांडू लागली, धप्प. चामराजपेटेपासून मार्केट ते किती लांब, पण तेवढ्यात त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

"अण्णा, पाय काढा!" मी शेवटी ओरडले. "चटई फाटेल माझी!"

"काढतो की," ते म्हणाले, आणि पुन्हा दाबला.

मार्केटच्या अलीकडे एवढी गर्दी होती की गाडी रांगत होती. शेवंतीचे ढीग, लिंबांची पोती, कोहळ्यांच्या राशी. तेवढ्यात डाव्या कडेने केळीच्या खुंटांनी भरलेली एक हातगाडी उतारावरून सुसाट आली. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. हातगाडीवाल्याने बॉनेटवर हात टेकून स्वतःला सावरलं, हसला, आणि निघून गेला.

आणि मग, सगळं झाल्यावर, अण्णांचा पाय चटईवर पडला. हातगाडी त्यांच्या बाजूने आली होती. त्यांना ती दिसलीच नव्हती.

"शाब्बास, छान थांबवलीस," ते सवयीने म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं होतं, आणि त्यातलं किती माझं होतं आणि किती त्यांचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आजचं सगळं माझं होतं. परत येताना ते मांडीवर कोहळा घेऊन बसले होते आणि बाहेर बघत होते. दारात गाडी लावल्यावर मी विचारलं, "उतरायच्या आधी आपल्याकडे एक पद्धत आहे. आज काय शिकलात, अण्णा? आणि थँक्यू कुणाला?"

त्यांनी दार उघडलं आणि कोहळा घेऊन सरळ जिना चढून गेले. फार बोलले का मी? दिवसभर फोनकडे बघत राहिले. फोन आला नाही, आणि आपण होऊन करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुऊन, शेवंतीच्या माळा आणि केळीचे खुंट बांधून अण्णांच्या दारात आणली. हेमक्काने तिचा मिक्सर, इस्त्री आणि नारळ खवायची विळी पाटावर मांडून कुंकू लावलं होतं. मुलं आधीच रांगेत उभी होती. संहिता पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "अज्जाने आम्हाला सकाळी सकाळी बोलावून पाठ करून घेतलीय. मध्ये हसायचं नाही." आणि सगळ्यांनी एकदम सुरू केलं, प्रत्येक ओळीला उजवा पाय आपटत:

माझ्या बाजूला ब्रेकच नाही,
पाय बिचारा ऐकत नाही!
दाबून दाबून दमला पाय,
गाडी थांबली! झालं काय?
शेजारणीला येतंय की,
मीच तिला शिकवलंय की!
पाया, आता मांडी घाल,
थँक्यू म्हणून बस खुशाल!

मध्ये हसायचं नव्हतं, म्हणून मी रडले. हेमक्का पदराने डोळे पुसत अण्णांना म्हणाली, "साकु, पुरे आता, त्या पोरीला रडवू नका." अण्णा मात्र ताठ उभे होते. कुणीतरी चूक काढेल म्हणून प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघत होते, आणि एकाचा पाय चुकीच्या ओळीला पडला तर त्यांनी भुवई उडवली.

त्यांनी स्वतः कोहळा ओवाळला, फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि डाव्या सीटवर येऊन बसले. पट्टा लावला. आरशात बघितलं का म्हणून विचारलं. मग चपला खाली काढून ठेवल्या, आणि त्या एवढ्याशा सीटवर दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली.

"अण्णा, हे नियमात बसतं का?"

"आजच्या दिवस. कोपऱ्यापर्यंत. चल."

लिंबं चिरडली, मुलं ओरडली, आणि गाडी रस्त्याला लागली. अण्णा बाहेर बघत होते. एक फुलवाली आपल्या तराजूला कुंकू लावत होती, तिच्याकडे त्यांनी वळून वळून पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवू लागले. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली. त्यांची मांडी मोडली नाही.

या वेळी अण्णा शाब्बास म्हणाले नाहीत. थँक्यू म्हणाले.