विहीणबाई आणि ओसरीवरचा एआय

बीड जिल्ह्यात कुणी कुणाचं काय काय काढून घेतलं असेल ते असो, पण आमच्या विहीणबाईंच्या पोटातली गोष्ट काढून घेणारा अजून जन्माला यायचाय. आणि जो जन्म न घेताच फोनमधून बोलतो, त्या एआयलाही ते साधलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई, राहणार धर्मापुरी; आम्ही अंबाजोगाईचे. लेकीनंच त्यांच्या फोनमध्ये ते एआय घालून दिलं, बोलून विचारायचं कसं ते शिकवलं. पहिल्याच दिवशी ते म्हणालं, 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?' विहीणबाईंनी फोन हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "लई गोड बोलतंय. ह्याला ओसरीवरच बसवा."

तेव्हापासून ते बिचारं ओसरीवरच आहे. पाव्हण्याला पाणी द्यावं, पाऊसपाणी बोलावं, चार कामाच्या गोष्टी विचारून घ्याव्यात, पण माजघरात नेऊ नये, असा त्यांचा कायदा. मी एकदा विचारलं, "मग त्याला सांगता तरी किती?" तर म्हणाल्या, "इहिणीला सांगावं तेवढंच." म्हटलं, "आणि मला?" "तुमाला त्याच्याहून बी कमी!" आणि अशा हसल्या की हातातला चहा बशीत सांडला. मी दोन दिवस रुसून बसले. विहिणींनी रुसायचंच असतं, नाहीतर लग्न लावल्याचा उपयोग काय?

उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलेलं नाही, मग यंत्रापुढं कुठलं काढणार? शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला नवा उखाणा हवा म्हणून त्याला विचारलं, तर ते म्हणालं, पतीचं नाव सांगा. "तुला रे काय करायचंय? जागा सोड, आमी भरून घेऊ." त्यानंही मुकाट्यानं जागा सोडली. कुठल्या कागदाचा फोटो दाखवायचा झाला, तर आधी नावावर आणि आधारच्या नंबरावर कपाळाच्या टिकल्या चिकटवायच्या, मग फोटो. वीजबिलावर लाल टिकल्या, रेशनकार्डावर मोठी मरून रंगाची. त्यांच्या घरचे कागद बघावेत तर हळदीकुंकवाला निघाल्यासारखे दिसतात.

धर्मापुरीत त्यांचा बायकांचा गट आहे, जवसाची आणि कारळाची चटणी करतात. पाकिटावरचा मजकूर त्यांनी एआयकडून लिहून घेतला. झकास लिहिला त्यानं, फक्त शेवटी आपल्या मनानं जोडून दिलं, 'मधुमेह मुळापासून बरा होतो.' गटातली एक तरणी पोर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मावशी, खप वाढंल."

"आगं, आपुन चटणी इकतो का दवा? उद्या कुणी गोळ्या सोडून चटणीच खात बसलं, तर त्याच्या बायकोला तोंड दाखवायला कोण जाणार, ह्यो फोन?"

त्याच पोरीनं पुढं सगळ्याजणींच्या आधारकार्डांचे फोटो त्याला दाखवून यादी करायची टूम काढली. एवढ्या टिकल्या कुठून आणायच्या? विहीणबाईंनी कार्डंच पदराखाली घेतली. "बायांनी माझ्या भरवशावर दिलीत, त्याच्या न्हाई." आणि यादी हातानं लिहीत बसल्या, दुपारभर, चष्मा पुसत पुसत.

पण झाकायचं काय आणि सांगायचं काय, हे त्यांनाही एकदा चुकलं. मागच्या थंडीत व्याह्यांचे पाय सुजले. त्यांना आधीच शुगर, त्यात चार पावलं टाकली की दम लागायचा. दवाखान्याचं नाव काढलं की ते भिंतीकडं तोंड करून निजायचे. शेवटी विहीणबाईंनी जुना रिपोर्ट काढला आणि टिकल्या लावल्या. नावाशेजारी वय होतं, तेही झाकलं आणि शुगरचा आकडाही, मग फोटो. शुगर आणि दम म्हणजे घरातलं गाऱ्हाणं, ते ओसरीवर कशाला? नुसतं म्हणाल्या, 'पाय सुजलेत.' आता त्या बिचाऱ्याला काय कळणार? दिवसभर उभं राहणाऱ्या एखाद्या तरण्या गड्याला सांगावं तसं त्यानं सांगितलं. पाय उंच ठेवा, मीठ कमी करा, भरपूर पाणी प्या. विहीणबाईंनी तांब्या भरून आणला, पेला व्याह्यांच्या तोंडापाशी नेला, आणि तिथं त्यांचा हात थांबला. पाव्हण्यानं सांगितलेलं माणसाला विचारल्याबिगर करायचं नाही, हाही त्यांचा एक कायदा. लगेच मला फोन. "इहीणबाई, ते म्हणतंय लई पाणी पाजा. ह्यांना तर दम लागलाय. पाजू का?"

मी म्हटलं, "काहीही पाजू नका. गाडी करा आणि असेच अंबाजोगाईला या."

डॉक्टरांनी तपासलं, एआयनं काय सांगितलं तेही विहीणबाईंकडून ऐकून घेतलं. हृदय थकलंय म्हणाले, पाणी अंगात साठतंय, इथून पुढं पाणीसुद्धा बेतानंच प्यायचं. पाजलं नाही ते फार बरं केलंत. मग रिपोर्ट हातात घेतला आणि बघतच राहिले. "मावशी, नाव झाकलं ही हुशारी केली. पण वय कशाला झाकलं? वय, शुगर, दम, एवढं सांगितलं असतं तर त्यानंही म्हटलं असतं, पळा दवाखान्यात."

"डॉक्टरला दाखवा म्हणून लिव्हलं हुतं सायेब. पर पार खाली. असली गोष्ट आधी सांगायची असती, हे त्याला का बरं कळंना?"

डॉक्टर हसले, पण मुद्दा पटल्यासारखी मान डोलावली.

नंतर आठवडाभर दोघं आमच्याकडंच राहिली. एका संध्याकाळी व्याही उशांना टेकून डुलकी घेत होते. विहीणबाई पायथ्याशी बसलेल्या, फोन हातात. म्हटलं, "काय विचारताय त्याला?"

"काय न्हाई." मग म्हणाल्या, "अजून किती दिस, हे इचारावं वाटतंय. पर न्हाई इचारत. त्याला भीड न्हाई ओ, सांगून टाकंल. खरं असो का खोटं, एकदा कानावर आलं का मग मी रोज ह्यांच्या तोंडाकडं बघून दिसच मोजत बसंन." त्यांनी फोन पालथा ठेवला आणि व्याह्यांच्या पायांवरची गोधडी सारखी केली.

आता दोघं धर्मापुरीलाच आहेत. मी रोज फोन करते. विहीणबाई सुनेचं सांगतात, गटाचं सांगतात, मी नुसतं हं हं करते. माझं लक्ष त्यांच्या मागच्या खोलीकडं असतं. तिकडून व्याह्यांचं "कुणाचा फोन हाय गं?" ऐकू आलं, की मग मी पुढचं नीट ऐकायला लागते.