देवमनचं न गळणारं छप्पर

देवमन तसा बढाईखोर माणूस नव्हता. गावच्या पारावर लोक आपल्या बैलांच्या, पोरांच्या, नाहीतर कधीकाळी मारलेल्या रानडुकराच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत, तेव्हा तो गुमान ऐकून घेई. त्याची बढाई एकच होती, आणि ती तो वर्षातून एकदा तरी मारायचाच: "बंगल्याचं छप्पर मी शाकारतो. तीस वर्सं झाली, एक थेंब नाई गळला."

बंगला म्हणजे काही चिरेबंदी इमला नव्हे. केनवड गावापासून दीड कोसावर, सागाच्या रानाला पाठ लावून आणि गवताच्या कुरणाकडे तोंड करून उभं असलेलं ते गवती छपराचं घर. गावचे मोठे जमीनदार रामराव, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. भिंती दीड हात रुंद, मातीच्या. त्यावर रोशा गवताचं हातभर जाड छप्पर. वैशाखात बाहेर माणूस भाजून निघायचा, पण आत माठातल्या पाण्यासारखा गारवा असायचा म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की ज्यानं तो गारवा राखला त्या देवमनला तो कधी अंगावर घ्यायला मिळाला नव्हता.

त्याच्या आधी त्याचा बाप भिवाजी हे काम करायचा. तेव्हा रिवाजच होता: भिवाजी महारानं शिडीनं छपरावर चढायचं, शिडीनंच उतरायचं आणि उंबऱ्याकडे फिरकायचं नाही. छपराला विटाळ होत नसे, घराला होई. छप्पर कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे ज्या शहाण्यानं ठरवलं, त्याला एकदा भर पावसात छप्पर काढून घरात बसवायला हवं होतं. भिवाजी मरताना पोराला म्हणाला होता, "आढ्याच्या पहिल्या गाठी माह्या बापाच्या हायत. पळसाच्या वाखाच्या. खालून दिसत असतीन."

दिसत असतील. भिवाजीनंही त्या पाहिल्या नव्हत्या.

दर वर्षी शाकारणी झाली, की परीक्षा व्हायची. देवमन आढ्यावर बसून घागरीनं पाणी सोडत सोडत या टोकापासून त्या टोकाला जाई, आणि आत रामरावांची बायको कस्तुराबाई वर बघत त्याच्याबरोबर चाले. तो ओरडायचा, "गळते का, बाई?" आतून आवाज यायचा, "नाई गळत!" दहा घागरी, दहा वेळा तोच आवाज. त्या आवाजावर देवमन वर्षभर ताठ चालायचा. मजुरीची ज्वारी संपून जाई, तो आवाज पुरून उरे.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मेलेली ढोरं ओढणं त्यानं त्या दिवशीच सोडलं, गावकीचं कामही सोडलं. रामराव चार महिने बोलले नाहीत. शाकारणी मात्र त्यानं सोडली नाही. ती कुणी लादलेली नव्हती, ती त्याच्या हातची कला होती. पण रिवाज असा लोचट, की कायदा आला, दीक्षा आली, तरी तो शिडीच्या पायथ्याशी बसूनच होता. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि आत येतो असं यानं विचारलं नाही.

त्याची बायको अंजना जिभेची धारदार. ती म्हणायची, "वीस वर्सं झाली दीक्षा घेऊन, अन् तुमी अजून त्याइच्या घरावर माकडावानी बसता. आत कधी जासान?"

"माहं काम वर हाय. आत जाऊन काय करू?" देवमन म्हणायचा, पण तिच्याकडे न बघता.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात बातमी आली, की रामराव सगळं विकून राह्यले. दोन्ही पोरं अमरावतीला नोकरीत चिकटलेली, शेताकडे बघायला कुणी नाही. बंगला, सागाचं रान आणि कुरण, सगळं एकत्र. घेणारे वाशीमचे जगदेव वकील. माणूस रोखठोक. आल्या आल्या त्यांनी छपराकडे बोट दाखवलं.

"हे काढून टिनं टाकू. अन् कुरण नांगरून घेऊ. छपराले गवत लागणार नसंल तर ते ठेवायचं कायले?"

देवमन कुंपणापाशी उभा होता. त्या कुरणातलं उरलेलं गवत वस्तीतल्या वीस घरांवर जात होतं. कुरण गेलं तर गवत गेलं, आणि गवत गेलं तर देवमन कोण? तो पुढं झाला.

"साहेब, टिनाखाली भाकर भाजून निघंल. माह्या छपरातून तीस वर्सं एक थेंब नाई गळला. गळला तर मिशी उतरवतो."

जगदेव हसले. "मिशी घेऊन मी काय करू? पाणी टाकून पाहू. नाई गळलं तर छप्पर राह्यलं, कुरण राह्यलं, अन् दरसाली काम तुहं. गळलं तर टिनं. कबूल?"

"कबूल."

देवमन सवयीनं शिडीकडे निघाला. वकिलांनी त्याला हटकलं.

"तू कुठं चालला? पाणी कोणीबी टाकंल. ज्यानं शाकारलं त्यानं खाली उभं राहावं. चल आत."

अंगणात उभ्या असलेल्या रामरावांनी कस्तुराबाईंकडे पाहिलं, कस्तुराबाईंनी जमिनीकडे. पण घर विकायचं होतं, आणि गिऱ्हाईक दारात होतं. रामरावांनी धोतराचा काचा मारला, घागर उचलली आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस लटपटत शिडी चढू लागला. देवमननं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

आत खरंच गारवा होता. त्यानं मान वर केली. धुरानं काळे झालेले वासे, त्यांवर बांबूची जाळी, आणि आढ्याला धरून एका ओळीत आज्याच्या गाठी. वाख लोखंडासारखा काळा पडला होता, पण एक गाठ सुटलेली नव्हती. देवमनचे डोळे भरून आले. बाप असता तर, असं त्याला वाटलं, आणि त्यानं घाईघाईनं उपरण्यानं तोंड पुसलं.

वरून रामराव ओरडले, "टाकू का?"

पाणी पडू लागलं. पहिली घागर, दुसरी, तिसरी. खाली कोरडं ठणठणीत. जगदेव वासे ठोकून बघत पुढं चालले होते. शेवटची घागर देवघराच्या कोपऱ्यावर आली. तिथं कस्तुराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आत आल्यापासून हलल्या नव्हत्या. त्यांच्या पायाशी एक पितळी घंगाळ पालथं घातलेलं होतं, आणि वरपासून खालपर्यंत भिंतीवर एक जुना, करडा ओघळ होता.

"गळते का?" वरून आवाज आला.

"नाई गळत!" कस्तुराबाई म्हणाल्या, अगदी त्याच सुरात. आणि त्या बोलत असतानाच एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला. मग दुसरा.

वकिलांची पाठ होती. पाहिलं ते एकट्या देवमननं. त्यानं थेंबाकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं. तो ओघळ एका पावसाळ्याचा नव्हता. तीस वर्षांचं ताठ चालणं त्याच्या पायांतून उतरून गेलं. गप्प राहिला असता तर छप्पर वाचत होतं, कुरण वाचत होतं. बाई बोलल्याच होत्या, त्याला काही बोलायचीही गरज नव्हती.

"गळते," देवमन म्हणाला.

जगदेव वळले. देवमन मात्र कस्तुराबाईंकडे बघत होता.

"बाई, कधीपासून?"

"लय वर्सं झाली. वासा खचला हाय तिथं."

"मंग सांगतलं काहून नाई? वासा वरून दिसत नाई. गवत टाकलं का बरोबर दिसते. आतून पाचर मारली असती तर पाव घंट्याचं काम होतं."

कस्तुराबाईंनी पदर ओल्या खांद्यावर ओढला. "आतून म्हनूनच," त्या म्हणाल्या. "तुले आत घ्या लागलं असतं."

या वेळीही खोटं त्यांना सांगता आलं असतं. त्या खोटं बोलल्या नाहीत. देवमनला राग यायला हवा होता. आला तो आधी स्वतःचाच. त्यांनी बोलावलं नाही हे खरं, पण एवढ्या वर्षांत उंबऱ्याशी येऊन "मी पाहतो" म्हणायला याला तरी कुणी धरलं होतं? मग त्यांचाही राग आला. देवघरात घंगाळ ठेवून इतके पावसाळे काढले, पण एक माणूस आत घेतला नाही.

"बोलल्याप्रमाणं टिनं पडतीन," जगदेव म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "तूच कबूल केलं."

"टाका, साहेब. बोल तो बोल." देवमननं अंगणातून बाभळीचं लाकूड आणलं, पाचर तासली, वासा खांद्यानं रेटून वर घेतला आणि पाचर ठोकून वाखानं आवळली. आज्यानं घातली होती तशीच गाठ घातली.

"आता कायले करतो?" ठोकाठोक ऐकून रामरावांनी वरून विचारलं. "विकलं न् ते."

"माह्या नावाचं हाय तोवर गळतं ठेवत नाई. टाका पाणी."

पाणी पडलं. देवमन त्या कोपऱ्यात तळहात पसरून उभा राहिला. बराच वेळ. हात कोरडाच होता.

"गळते का?" रामराव ओरडले.

कस्तुराबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. देवमन वर पाहून नाही, त्यांच्याकडे पाहून बोलला, हळूच.

"नाई गळत, बाई."

मग त्यानं घंगाळ उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि दारातून बाहेर पडला.